व्हिजिबिलिटी फुल्ल होती

असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. इथले अनुभव वाचून "काहीतरी शास्त्रीय कारण असेल" अशी कमेंट टाकणाऱ्यांतली मी. म्हणूनच लिहितेय — कोणाला कारण सापडलं तर कृपा करून सांगा, मी शोधून शोधून थकलेय.

आम्ही मूळचे साताऱ्याचे, सध्या मोहालीत एयरोसिटीला राहतो. मी आयटीत, बहुतेक काम घरूनच. नवरा नितीन एका छोट्या चार्टर कंपनीत पायलट. गेल्या जानेवारीत धुक्यात उतरताना हायवेचे दिवे त्याला रनवेचे वाटले. शेवटच्या क्षणी लक्षात आलं, विमान वर घेतलं, कोणाला काही झालं नाही. पण त्याची झोप उडाली ती उडालीच. डोळे तपासले, ठणठणीत! तरी म्हणायचा, "माझाच माझ्या डोळ्यांवर भरवसा राहिला नाही गं." महिन्याभराने त्याचा फ्लाइंगचा चेक होता. त्यात कचरला असता तर कायमचं टेबलवर्क.

मग घरात फ्लाइट सिम्युलेटर आला आणि माझ्या गळ्यात एक काम पडलं. तो स्क्रीनसमोर, मी मागे सोफ्यावर लॅपटॉप घेऊन. व्हिजिबिलिटी किती, हेझ म्हणजे धुरकटपणा किती, ते मी ठरवायचं आणि त्याला सांगायचं नाही. ठरलेल्या उंचीवर रनवे दिसला तर त्याने उतरायचं, नाहीतर "गो अराउंड" म्हणून पुन्हा वर. रोज हेच. इकडे ऑफिसचा कॉल म्यूटवर, तिकडे कुकरच्या शिट्ट्या, आणि मी बापडी धुकं कमी-जास्त करत बसलेली...

चेकच्या आदल्या दुपारी मी अगदी वैतागले होते. आणि खरं सांगते, त्याची दयाही आली. म्हटलं, आज तरी सुखाने उतरू दे. व्हिजिबिलिटी फुल्ल, हेझ शून्य. स्क्रीनवर लख्ख चंदीगड, मागे डोंगर, समोर रनवे.

"रनवे नाही. गो अराउंड," म्हणत नितीनने विमान वर घेतलं.

"अरे, समोर तर आहे!"

"कुठे? सगळं पांढरं आहे. थोडं तरी दिसू दे की बाई."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण त्याला घाम फुटला होता. तेवढ्यात शेजारच्या पम्मी आंटी कढीचा डबा घेऊन आल्या. काही न सांगता मी विचारलं, "आंटी, स्क्रीन पे क्या दिख रहा है?"

"दिखना क्या है पुत्तर, धुंध ही धुंध है."

मी उठून रनवेवर बोट ठेवलं. "और ये?"

आंटी स्क्रीनकडे नाही, माझ्याकडे बघायला लागल्या. "तू ठीक तो है ना, पुत्तर?"

नितीनने लॅपटॉप ओढून सेटिंग पाहिलं. फुल्ल आणि शून्य, मी ठेवलं होतं तसंच. बंद करून पुन्हा चालू केलं, तर तिघांनाही सगळं स्वच्छ दिसलं.

मला वाटलं, आता हा पुरता खचणार. तर हा हसला! "म्हणजे मला दिसलं तेच आंटींनाही दिसलं. माझे डोळे बरोबर आहेत." त्या रात्री तो महिन्याभरात पहिल्यांदा गाढ झोपला. दुसऱ्या दिवशी चेक पास झाला, आता पुन्हा उडतोय. आनंद आहेच... पण मी?

डॉक्टर झाले, सॉफ्टवेअरवाल्यांना विचारून झालं. उत्तर कोणाकडेच नाही, माझ्याकडे तर नाहीच.

परवा सकाळी ऑफिसला जायला गाडी काढली. छान, स्वच्छ रस्ता, पार पुढच्या सिग्नलपर्यंत. आणि आजूबाजूची प्रत्येक गाडी फॉग लाइट लावून, मुंगीच्या पावलांनी चाललेली.

मी गाडी कडेला घेतली. नितीनला फोन लावला आणि म्हटलं, "मला न्यायला ये. मला सगळं दिसतंय."