गंबोत टोमॅटो

डोंबिवलीत अमेरिकेला जाऊन आलेली माणसं पैशाला पासरी मिळतात. न जाता तिथल्या एका राज्याची खडान्‌खडा माहिती असलेलं माणूस मात्र एकच, मंदाकिनी प्रधान. राज्य लुइझियाना, कारण त्यांचा मुलगा शौनक तिथे असतो. डोंबिवलीच्या केमिकल कारखान्यांच्या वासाला विटून तो परदेशी गेला आणि नोकरी धरली ती नदीकाठच्या केमिकल कारखान्यात. नशिबात वास असला की तो समुद्र ओलांडूनही येतो, असं मंदाकिनीबाईंचं मत आहे.

एका वर्षी शौनक सुट्टीवर यायला निघाला तेव्हा फोनवर म्हणाला, "आई, काय आणू?" इतर आया बदाम सांगतात, सेंट सांगतात. या बाईंनी सांगितलं, "तिथली पुस्तकं आण." तिथल्या वाचनालयाने काढून टाकलेल्या जुन्या पुस्तकांतून त्याने हाताला लागली तशी उचलली. दोन इतिहासाची, काही कथांची आणि बाकी स्वयंपाकाची. पुढच्या प्रत्येक खेपेला त्यात भर पडत गेली.

खरं कारण क्षिप्रा, शौनकची मुलगी. जन्मली तिथेच. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर "हाय आजी" म्हणायची आणि फोन कुठेतरी टेकवून पळायची. मग मंदाकिनीबाई बराच वेळ तिच्या घराचा पंखा बघत बसायच्या, आणि शेवटी कुठूनतरी "बाय आजी" ऐकू यायचं. याचं त्यांना फार लागायचं. आपल्याकडे या पोरीशी बोलायला विषयच नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. विमा कंपनीत जन्म गेलेली, प्रत्येक कलम वाचल्याशिवाय सही न करणारी ही बाई. तिने नातीचं गाव पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

आणि हळूहळू त्यांना त्याची गोडीच लागली. फ्रान्सने तो अख्खा मुलूख अमेरिकेला कवडीमोलाने विकला, हे वाचून त्या दिवसभर हळहळल्या. "अहो, तेवढ्यात आपल्या शीळफाट्याला स्कूटर उभी करायला जागा मिळत नाही!" त्यांनी नवऱ्याला ऐकवलं. कथांमध्ये उकाडा, डास, एक आजारी आत्या आणि जमिनीवरून न बोलणारे दोन भाऊ हटकून असायचे. हे लेखक त्यांना कल्याणचेच वाटले.

संकट आलं ते स्वयंपाकाच्या पुस्तकांमुळे. ते श्रीपादरावांवर, म्हणजे त्यांच्या नवऱ्यावर आलं. गंबो नावाचा तिथला रस्सा असतो. त्यात भेंडी घालतात आणि भेंडीची तार सुटली की बायका खूश होतात. जन्मभर भेंडीची तार जावी म्हणून आमसूल टाकणाऱ्या सुगरणीला हे झेपायला महिना लागला. कोळंबी घ्यायला गेल्या तर मासेवाली सगुणा हसायलाच लागली. "बाय, भेंडीन सुकट टाकतान. ताजी कोलबी कोन टाकतं गो?"

आधी मैदा तेलात चॉकलेटी होईपर्यंत भाजायचा. दाराची बेल वाजो, फोन वाजो, कालथा क्षणभरही थांबवायचा नाही, असं पुस्तकात लिहिलेलं. मंदाकिनीबाईंनी ते कलम जन्मठेपेसारखं पाळलं. श्रीपादराव भातावर तो चॉकलेटी रस्सा घेऊन म्हणायचे, "छान आहे. आमटी कधी करणार?" गंमत म्हणजे तिकडे लुइझियानात शौनक मुगाची खिचडी खायचा.

या डिसेंबरात शौनक क्षिप्राला घेऊन आला. पोरगी अकरा वर्षांची, उंच, कानांत सदा काहीतरी खुपसलेलं. पहिले दोन दिवस तिचं आणि आजीचं संभाषण "खाशील का?" आणि "नो थँक्स" यापुढे सरकलं नाही. तिसऱ्या दिवशी मंदाकिनीबाईंनी हुकमाचं पान काढलं. कोळंबी, भेंडी, ढोबळी मिरची, चॉकलेटी मैदा, आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे दोन लालबुंद टोमॅटो. ताट समोर ठेवलं आणि त्या बाजूलाच उभ्या राहिल्या.

क्षिप्राने घास घेतला. कानांतलं काढलं.

"आजी, हे गंबो आहे?"

"हो बाळा! तुमच्याकडचं!"

"पण... टोमॅटो? गंबोमध्ये टोमॅटो? नो! मॉमॉ नेव्हर टाकते!"

"मॉमॉ कोण?"

"माझ्या फ्रेंडची मॉमॉ. मॉमॉ मीन्स आजी. मी शाळेनंतर तिच्याकडेच असते. ती मला शिकवते गंबो."

मंदाकिनीबाईंना आता कळलं. म्हणजे या पोरीला तिथे एक आजी होती. कालथा हातात देणारी, रोज भेटणारी. इकडे आपण पुस्तकं पाठ करत बसलो. त्यांना रडूच येणार होतं, पण प्रधानांच्या घरात जेवणावरून रडत नाहीत, भांडतात.

"तुझ्या मॉमॉला सांग, न्यू ऑर्लिन्सला टाकतात!" त्यांनी पुस्तक आणून पान दाखवलं.

"न्यू ऑर्लिन्सचे लोक चुकतात! बुक चुकतं! मॉमॉ कंट्रीवाली आहे, गावातली, तिला माहितीये!"

"आणि मला माहीत नाही? मी स्वयंपाकाचीच सहा पुस्तकं वाचल्येत!"

"मॉमॉ बुक वाचत नाही, ती बनवते!"

जेवण संपलं तरी वाद संपेना. क्षिप्रा तोडकंमोडकं मराठी जुळवून हातवारे करत होती, आणि मधे श्वास घ्यायला थांबली तेव्हा न विचारता दुसऱ्यांदा वाढून घेत होती. सुट्टी संपेपर्यंत दोघी टोमॅटोवरून भांडल्या. विमानतळावरही क्षिप्राने मिठी मारली आणि कानात म्हणाली, "नो टोमॅटो." मंदाकिनीबाई तेवढ्यापुरत्या हसल्या. पोरगी आता दुसऱ्या आजीकडे गेली, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

पुढच्या रविवारी सकाळी त्या मैदा भाजत होत्या. तो नुकता बदामी झाला होता. फोन वाजला.

"शौनकचा नाही," श्रीपादराव ओट्याशी येऊन म्हणाले. "क्षिप्राचा आहे. तिच्या स्वतःच्या फोनवरून."

पडद्यावर पंखा नव्हता. अनोळखी स्वयंपाकघर होतं, आणि क्षिप्राचा चेहरा काचेला चिकटलेला.

"आजी! मी मॉमॉच्या गंबोमध्ये टोमॅटो टाकला! गुपचूप! ती खूप ओरडतेय! तू सांग ना तिला, पेज नंबर सांग!"

तिच्यामागे पांढऱ्या केसांची एक दणकट बाई डाव उगारून उभी होती. मंदाकिनीबाईंनी हातातला कालथा खाली ठेवला, गाऊनला हात पुसले आणि विमा कंपनीतलं सगळं इंग्रजी घशाशी गोळा केलं. मागे धूर यायला लागला.

"अगं, पीठ करपतंय!" श्रीपादराव ओरडले.

"करपू दे," त्या म्हणाल्या. "क्षिप्रा, दे तिच्याकडे फोन."