लहानी मावशीची काडी

शेणव्याजवळच्या आमच्या पाड्यावर लग्न ठरलं की पहिला निरोप लहानी मावशीला जातो. तिच्यासारखी पळसाच्या पानांची पत्रावळ कुणालाच टाचता येत नाही. पातळ आमटी ओतली तरी थेंब गळत नाही. टाचताना ती बांबूच्या बारीक काड्यांची जुडी दातांत धरते. हात पानांवर, काड्या तोंडात आणि तशातच गप्पा.

यंदा तिच्या नातीचं, वैष्णवीचं लग्न ठरलं आणि मावशीच्या जुन्या खोकल्यातून रक्त पडलं. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात, खालच्या अंगाला, बोराएवढी गाठ दिसली. कॅन्सरची शंका होती.

"लग्न आधीच उरकू या," तिचा मुलगा पंढरी म्हणाला.

"मी जायच्या आत का?" मावशीनं विचारलं आणि पानांचा भारा पुढ्यात ओढला. "तारीख हलवायची नाय. पत्रावळी व्हायच्यात."

मी ठाण्याच्या एका रुग्णालयात ब्रॉन्कोस्कोपीचा तंत्रज्ञ, म्हणून तपासणीला तिला आमच्याकडेच आणलं. मी समजावलं, "नाकातून बारीक नळी श्वासनळीत जाते. टोकाला कॅमेरा असतो. पुढं वाट अरुंद झाली की त्याहून बारीक सोनोग्राफीची सळी घालतात. मग गाठीचा तुकडा काढतात."

"लहानपणी तुझं नाक मी पुसलंय. आता तू माझ्या नाकात नळी घाल."

"मी नाय, डॉक्टर घालणार. मी मशीन सांभाळतो."

"मग नीट सांभाळ रे."

पडद्यावर श्वासनळीच्या फांद्या फुटत गेल्या. खालच्या एका फांदीचं तोंड सुजून जवळपास मिटलं होतं. डॉक्टरांनी त्यातून सळी सरकवली, तेव्हा सोनोग्राफीत करड्या गाठीच्या मधोमध एक पांढरी, सरळ रेघ उमटली.

"गाठीत अशी रेघ नसते," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी तपासणीसाठी तुकडे घेतले आणि मग चिमट्यानं ती रेघच हळूहळू ओढली. बाहेर आली एक काळी पडलेली, नखाएवढी काडी.

गुंगी उतरल्यावर मावशीनं आधी चहा मागितला. घशाची बधिरता जाईपर्यंत मिळणार नाही म्हटल्यावर रुसली. मग डॉक्टरांनी बाटलीतली काडी दाखवली.

"ही माझीच की," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "कैक वर्षं झाली, पाड्यावरच्या हौसाच्या लग्नाला टाचत होते. मंगळ्यानं नवरदेवाची नक्कल केली न् मला हसू फुटलं. लय ठसका लागला होता. वाटलं, गिळली असंल."

तरीही तुकड्यांचा रिपोर्ट येईपर्यंत पंढरीला जेवण गेलं नाही. रिपोर्ट आला: कॅन्सर नाही. काडीभोवती वर्षानुवर्षं साचलेली सूज होती, ती औषधानं उतरू लागली.

लग्न ठरल्या तारखेलाच झालं. मुरबाडच्या आचाऱ्यानं कागदी ताटं आणली होती, ती मावशीनं टेम्पोतून उतरवूच दिली नाहीत. आता ती काड्या अंबाड्यात खोचते. लग्नाच्या पत्रावळी टाचायला शेजारी बसलेल्या शकूनं सवयीनं काडी ओठांत धरली, तर मावशीनं ती उपसून काढली. "काढ गो तोंडातून. प्रत्येकीचा भाचा मशीनवर नसतो."

पहिल्या पंगतीला तिनं मला हाताला धरून बसवलं आणि आमटी स्वतः वाढली. मी पत्रावळ उचलून खाली बघितलं. सारवलेली जमीन कोरडी होती.