कोटाचं वरचं बटण

माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती आमच्या बिल्डिंगच्या तळघरात, कपडे धुवायच्या मशिनांसमोर.

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातलं माझं तिसरं वर्ष होतं. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मी सिरॅमिक्समध्ये पीएचडी करत होतो, म्हणजे भट्टीत मातीच्या चकत्या भाजून त्या कधी तडकतात याची वाट बघत होतो. पण पुण्यात असताना मी नट होतो. निदान भेटेल त्याला तसं सांगायचो. खरं बघितलं तर कॉलेजच्या एकांकिकांत मी दोन वर्षं प्रॉम्प्टर होतो, तिसऱ्या वर्षी एक भूमिका मिळाली आणि तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. वडील म्हणाले, आता पुरे. मीही फार भांडलो नाही. ते न भांडणं अमेरिकेत आल्यावर डाचायला लागलं.

तर तळघरात ड्रायर घरघरत असला की कुणाला ऐकू जात नाही, अशा समजुतीनं मी माझ्या त्या भूमिकेतलं स्वगत म्हणत असे. एका शनिवारी सकाळी ते संपवून वळलो, तर मागे साठीला टेकलेला एक उंच गोरा माणूस शर्टांच्या घड्या घालत उभा. तो इंग्रजीत म्हणाला, "तुझी भाषा मला कळत नाही. पण शेवटच्या वाक्याआधी तू श्वास घेत नाहीस. घाबरतोस का?"

हा कोण टिकोजीराव, असं मी मनात म्हटलं. वरकरणी थँक्यू म्हणून ओले मोजे तसेच उचलून वर आलो.

टिकोजीराव कोण ते माझ्या नागपूरकर रूममेटनं दोन दिवसांत शोधून काढलं. "अरे यार, फेमस माणूस आहे तो. जर्मनीत टीव्हीवर अकरा वर्षं इन्स्पेक्टर होता. आपल्या थिएटर डिपार्टमेंटनं एका सेमिस्टरसाठी बोलावलाय. मी संडेला जेवायला इन्व्हाइट केलंय." नागपूरकराला माणसं जोडायची हौस फार. रविवारपर्यंत त्याचा 'जर्मन काका' झालेला होता. मी मात्र मनातल्या मनात त्याला म्हाताराच म्हणत असे.

म्हातारा वरणभात लिंबू पिळून जेवला, तूप दोनदा मागून घेतलं आणि आपलं आयुष्य सांगत बसला. उत्तरेकडच्या एका बंदरात बेकरीवाल्याच्या घरी जन्मलेला. युद्ध संपलं तेव्हा सतरा वर्षांचा. शहर अर्धं पडलेलं, नाट्यगृह जळालेलं, तेव्हा शाळेच्या व्यायामशाळेत नाटकं चालत. लोक तिकिटाऐवजी कोळसा घेऊन यायचे आणि तोच शेगडीत टाकून प्रयोग व्हायचा. थंडी जितकी जास्त तितकी शोकांतिकेला गर्दी, असं तो म्हणाला आणि नागपूरकर खो खो हसला. पुढे तो नगरपालिकेच्या नाट्यगृहात लागला. त्यांच्याकडे म्हणे आपल्या सांगली-साताऱ्याएवढ्या गावालाही स्वतःचं नाट्यगृह असतं आणि तिथल्या नटांना दरमहा पगार, हक्काची रजा आणि निवृत्तीनंतर पेन्शन असते.

इथं माझा घास हातातच राहिला. नटाला पेन्शन! आमच्याकडे नटाला म्हातारपणी शाल आणि श्रीफळ मिळतं, तेही तो आजारी असल्याचं पेपरात छापून आलं तर. या माणसानं वीस वर्षं राजे, भिकारी, खुनी, न्यायाधीश सगळं करून घेतलं होतं आणि वर सरकारी नोकरासारखी उन्हाळ्याची सुट्टीही उपभोगली होती. त्यानंतर टीव्ही. तिथं तो इतका घरोघरी पोचला की खाटीक त्याला सॉसेज जास्तीचं देई आणि रस्त्यात बायका थांबवून हरवलेल्या मांजरांची तक्रार नोंदवत. हे सगळं तो गंमत म्हणून सांगत होता, आणि ते गंमत म्हणून सांगणंच मला सहन होत नव्हतं. ज्याचं पोट भरलेलं असतं त्यालाच उपासाचे विनोद सुचतात.

दिवाळीला आमच्या गावातल्या मराठी मंडळींची जमवाजमव एका प्रोफेसर काकांच्या घरी होत असे. पंचवीस-तीस माणसं, काकूंचं श्रीखंड, आणि जेवणाआधी माझं स्वगत, असा तीन वर्षांचा शिरस्ता होता. त्या वर्षी नागपूरकर जर्मन काकाला घेऊन आला. काकूंनी त्याला काहीतरी करून दाखवायचा आग्रह केला. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. खुर्चीवरून उठलाही नाही. बसल्या बसल्या पाच मिनिटं जर्मनमध्ये काहीतरी बोलला, एकदा खिशात हात घालून रिकामा बाहेर काढला, आणि गप्प झाला. कुणाला एक अक्षर कळलं नव्हतं. काकू पदरानं डोळे पुसत होत्या. इंग्रजीतच बोलणारी त्यांची मुलगी टीव्ही बंद करून दारात उभी राहिली होती. मग काका म्हणाले, आता आपला नट. मी उभा राहिलो, आणि स्वगताच्या मध्यावर आतून हाक आली की पुऱ्या गरम आहेत. अर्धी खोली उठली. घरी परतताना माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

आणि असं असताना त्यानं मलाच मदत मागितली.

पुन्हा तळघरच होतं. डिसेंबरच्या सुरुवातीला तो एक एकपात्री प्रयोग करणार होता, स्वतः लिहिलेला, इंग्रजीत. लोहमार्ग बंद पडलेल्या एका लहान स्टेशनचा निवृत्त मास्तर, जो अजून रोज सकाळी गणवेशाचा कोट घालून फलाटावर येतो. त्याला प्रॉम्प्टर हवा होता. जर्मनीत म्हणे प्रॉम्प्टर हा नाट्यगृहाचा नोकरदार असतो, त्याच्याशिवाय पडदा उघडत नाही. इथल्या अमेरिकन लोकांनी सांगितलं, आमच्याकडे ती पद्धत नाही, नटानं पाठ करावं. मग त्याला माझी आठवण झाली. "तुझा मित्र म्हणाला, तू भारतात हेच करायचास."

नागपूरकरानं माझं बिंग फोडलं होतं. मी नट म्हणून मिरवत होतो आणि हा मला पुन्हा विंगेत उभा करत होता.

नाही म्हणणार होतो. पण तो ड्रायरला टेकला आणि त्यानं सांगितलं, जे त्यानं इथं दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. मालिका संपल्यावर तो आपल्या गावच्या नाट्यगृहात परत गेला होता. हाऊसफुल्ल. तिसऱ्या प्रवेशात डोकं कोरं झालं. प्रॉम्प्टरनं दोनदा वाक्य दिलं, भीतीनं कानात शिरलं नाही. पडदा पाडावा लागला. त्याला चार वर्षं झाली, तो रंगमंचावर चढलेला नव्हता. "इथं मला कुणी ओळखत नाही," तो म्हणाला. "इथं पडलो तर आवाज होणार नाही. पण पडलो, तर पुन्हा चढणार नाही."

मी हो म्हटलं. दया आली म्हणून म्हटलं असं सांगायला मला आवडलं असतं. थोडी आलीही होती. पण जास्त हे होतं, की मला त्याची भीती जवळून बघायची होती.

तालमी तीन आठवडे चालल्या. प्रॉम्प्टिंग म्हणजे नुसतं वाचणं नव्हे. विराम कुठला आणि विसरणं कुठलं हे ओळखणं हीच त्यातली मेख. घेतलेल्या विरामात वाक्य दिलंत तर नट तुम्हाला जन्मभर शिव्या घालतो. म्हणून आम्ही खूण ठरवली. कोटाच्या वरच्या बटणाला हात लागला, की वाक्य द्यायचं. हात लागला नाही, तर तो कितीही वेळ गप्प राहो, मी गप्प. पंधरा दिवसांत त्याचं नाटक मला त्याच्यापेक्षा पाठ झालं. विंगेत माझे ओठ हलायचे आणि प्रकाशात त्याचा आवाज निघायचा. वाक्यं मीही म्हणू शकलो असतो. तसा कोट मलाही बसला असता, बाह्या थोड्या दुमडून.

शुक्रवारच्या आणि शनिवारच्या प्रयोगात बटणाला हात लागला नाही. शनिवारी प्रयोगानंतर डिपार्टमेंटचे प्रमुख माझ्या जवळून जाताना म्हणाले की त्याला तुझी गरज दिसत नाही, उद्या आला नाहीस तरी चालेल. प्रयोगाच्या पत्रकावर प्रकाशयोजना करणाऱ्याचं नाव होतं, कोट शिवणारीचं होतं, खुर्ची उसनी देणाऱ्या म्हातारीचं होतं. माझं नव्हतं. त्यात नवल काही नव्हतं, प्रॉम्प्टरचं नाव पुण्यातही कधी छापलं गेलं नाही. तरी मी ते पत्रक तीनदा वाचलं.

रविवारी दुपारचा प्रयोग होता. तीन गाड्या भरून आमची मराठी मंडळी आली. काकूंनी थेट पिट्सबर्गहून नारळ मागवला होता आणि वर एक शाल. माझ्या स्वगताला तीन वर्षांत पुऱ्यांमागे उठून गेलेली ही माणसं याच्यासाठी बर्फातून आली होती, सत्काराचं साहित्य घेऊन. मी विंगेतून त्यांना पहिल्या रांगेत बसताना पाहिलं. पिकतं तिथं विकत नाही, हेच खरं.

शेवटाला दहा मिनिटं उरली होती. मास्तर सांगतो की शेवटची गाडी गेली त्या दिवशी आपण काय केलं. तो म्हणाला, "मग मी आत आलो," आणि थांबला. इथं विराम नव्हता. त्याचा हात वर गेला आणि वरच्या बटणाला लागला.

पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. 'आणि घड्याळाला किल्ली दिली.' एवढंच. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

नजर चुकली म्हणता येणार नाही, मी त्याच्याकडेच बघत होतो. पडू दे, असं मला वाटलं. एकदा याला माझ्यासारखं उभं राहू दे. मी मनात आकडे मोजायला लागलो. सहाव्या आकड्याला त्यानं पुन्हा बटण चाचपलं. नवव्याला त्यानं विंगेत माझ्याकडे पाहिलं. मी अंधारात होतो, पण त्याला दिसलो असेन. त्याचा वरचा ओठ घामानं चमकत होता. ती भीती मी इतके दिवस बघायला टपलो होतो आणि आता ती समोर होती, आणि तिच्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं. मी वाक्य द्यायला पुन्हा तोंड उघडलं. आवाजच निघेना.

बटणावरच्या त्याच्या बोटांनी तेवढ्यात ते बटण काढलं. मग दुसरं. मग तिसरं. पाचही बटणं त्यानं सावकाश काढली, कोट उतरवला, बाह्या आत दुमडून त्याची व्यवस्थित घडी घातली, तळघरात शर्टांच्या घालायचा तशीच, आणि ती खुर्चीवर ठेवली. नाटकात हे कुठंही नव्हतं. सभागृहात कुणी खोकलंही नाही. कोटाविना तो अचानक फार लहान दिसला. मग त्यानं श्वास घेतला आणि म्हणाला, "आणि घड्याळाला किल्ली दिली."

टाळ्या किती वेळ चालल्या ते मी सांगत नाही, मला आठवायचं नाही. काकूंनी रंगमंचावर चढून त्याला शाल पांघरली आणि नारळ हातात दिला. प्रमुख सगळ्यांना सांगत सुटले की ती कोटाची कल्पना म्हणजे कळस होता. म्हातारा शाल सावरत माझ्यापाशी आला आणि हळू आवाजात विचारलं, "किती मोजलेस?"

मी म्हटलं की मला तो विराम वाटला.

"बटण दोनदा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मग काकूंनी त्याला फोटोसाठी हाक मारली आणि तो गेला. सेमिस्टर संपेपर्यंत आम्ही तळघरात दोनदा भेटलो, हवामानाबद्दल बोललो.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात जर्मनीहून पाकीट आलं. आत त्याच्या गावच्या नाट्यगृहाचं पत्रक होतं, ज्या गावात पडदा पाडावा लागला होता त्याच. तेच नाटक, आता जर्मनमध्ये. मुखपृष्ठावर खुर्ची आणि तिच्यावर घडी घातलेला कोट. मागच्या पानावर नावांची यादी होती आणि सगळ्यात खाली दोन ओळी, त्यात माझं नाव. मी लायब्ररीत जाऊन शब्दकोश काढला आणि एकेक शब्द लावत अर्थ काढला. 'या प्रयोगाला प्रॉम्प्टर नाही. त्याबद्दल आभार,' आणि पुढे मी.

नाटकाच्या पत्रकावर माझं नाव छापून आलं ते आयुष्यात तेवढंच एकदा. नागपूरकरानं विचारलं, पाकिटात काय होतं यार. मी म्हटलं, काही नाही, जाहिरात. दाखवलं असतं, तर आभार कशाचे ते सांगावं लागलं असतं.