पी-ओ-आर-टीची मोळी

“सर, ह्या खेपेला इंग्रजी निघालं न्हाई, तर दादासंगं कोयत्याला जावं लागतंय,” सुरेखा म्हणाली.

ऊसतोडीत कोयता म्हणजे दोघांची जोडी. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. वहिनीचं बाळंतपण जवळ आलेलं, त्यामुळे दादाच्या जोडीला जागा रिकामी. त्यात दुष्काळ, रानात काही नाही. बारावी निघाली तर मात्र सुरेखा बीडला नर्सिंगला जाणार होती. फेरपरीक्षेला तीन आठवडे होते.

कडा गावच्या ज्युनिअर कॉलेजात मी वीस वर्षं इंग्रजी शिकवत होतो. माझी पद्धत ठरलेली. रोज चाळीस शब्द, अर्थासकट पाठ. चौथ्या दिवशी सुरेखाला पहिल्या दिवसाचे तीन आठवले.

“सर, राग मानू नका. तुमी एकेक कांडं हातात देताय. मोळी बांधून द्या की.”

रात्रभर विचार केला आणि सकाळी फळ्यावर लिहिलं, पी-ओ-आर-टी. पोर्ट म्हणजे वाहून नेणं. इम्पोर्ट, आत आणणं. एक्स्पोर्ट, बाहेर नेणं. रिपोर्ट, खबर माघारी आणणं. सपोर्ट, खालून उचलून धरणं.

“ट्रान्सपोर्ट म्हाईत हाय मला! कारखान्यात उसाच्या ट्रकवर असतंय.”

पाचही शब्द दुसऱ्या दिवशी तिला जसेच्या तसे आठवले. मग माझ्या अंगात आलं. घरी जेवताना बायकोलाही मोळ्या ऐकवल्या. ती म्हणाली, “आधी भाकरी संपवा.” आठवड्यात सतरा मोळ्या तयार. त्यातली एक ई-ए-आरची: नियर जवळ, हिअर ऐकणं, फिअर भीती, बेअर अस्वल, इयर वर्ष.

सुरेखानं ती वाचून पेन खाली ठेवलं. “सर, ही डोक्यावर घ्यायच्या आधीच सुटती.”

“का? अक्षरं तर सारखी आहेत.”

“अक्षरं हायेत. पर अस्वलाचा आन वर्साचा काय संबंध? ऊस, कडबा, सरपण एकत्र बांधलंय तुमी.”

मी डस्टर उचललं. सतरांतल्या सहाच राहिल्या. अक्षरांबरोबर अर्थही जुळत होता, तेवढ्याच. त्या सहा आम्ही घोटल्या.

निकालात तिला इंग्रजीत एकेचाळीस. दादानं चुलतभावाशी जोडी लावली, सुरेखा बीडच्या हॉस्टेलला गेली. स्टाफरूममध्ये प्राचार्यांनी विचारलं, “सर, ही पद्धत कुणाची?”

“माझीच,” म्हणालो. अर्धा कप चहा पिऊन झाल्यावर खरं सांगितलं.

तेव्हापासून वर्गात कुणी नापास झालं, की पहिली उलटतपासणी मी स्वतःची घेतो. वीस वर्षं उशिरा, पण घेतो.