मोकळीक

कॉलेजच्या वाचनालयात रेश्मा माझ्यासमोर बसून टॅबवर पत्रक लिहीत होती. वसतिगृहातल्या मुलींनी दिवेलागणीच्या आत परतायचं, या नियमाविरुद्धचं पत्रक. यंदा कॉलेजने लॅपटॉपऐवजी टॅब वाटलेत. काचेवरचा कळफलक अर्धा पडदा खातो आणि जोडाक्षर आलं की तिचं बोट चुकतं.

"ताई, 'संघर्ष'ला जोडाक्षर नसलेला शब्द सांग ना."

"लढा."

"भारी. आणि 'हक्क'ला?"

"पत्रक लिहितेस की शब्दकोडं सोडवतेस?"

"तू टाइप करून बघ, मग बोल."

मी लहानाची मोठी झाले ती पत्रकं वाचत. त्यांतले मोठे शब्द जोडाक्षरांचेच असायचे. ते उच्चारताना जीभ अडखळायची, म्हणून तर ते मनात रुतले. टॅबवर धडे वाचता येतात, व्याख्यानं ऐकता येतात. दिलेलं घ्यायला तो उत्तम आहे. विद्यार्थ्यांनी फक्त घ्यावं, मागू नये, म्हणूनच तो निवडला असेल का?

रेश्माने टॅब माझ्याकडे वळवला. पहिलंच वाक्य होतं, 'मुलींना मोकळीक हवी.'

"इथे 'स्वातंत्र्य' होतं ना?"

"सारखं चुकत होतं गं. अर्थ तोच की."

अर्थ तो नव्हता. मोकळीक कुणीतरी द्यावी लागते. एवढंच तिला सांगायचं होतं. पण बाहेर दिवे लागले होते, आणि टॅब पिशवीत कोंबून ती वसतिगृहाच्या फाटकाकडे धावत सुटली होती.