बोरीवाल्यांची बॅट

आमच्या दारात अजूनही कोणी ना कोणी येऊन उभं राहतं आणि विचारतं, "भाऊ हायेत का?" मी हातातली कानस खाली ठेवते, साडीवरचा भुसा झटकते आणि सांगते की भाऊ नाहीत, त्यांना जाऊन दुसरं वर्ष सरत आलं, बॅट आणली असेल तर दाखवा. समोरचा माणूस अवघडतो. काही जण बॅट पुढे करतात. काही जण 'येतो मंग' म्हणत गाडीला किक मारतात, ते परत येत नाहीत.

भाऊ म्हणजे माझे यजमान. यवतमाळात आर्णी रोडच्या आतल्या एका गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत ते जुन्या बॅटी दुरुस्त करायचे. मुळात ते सुतारकामातले. दिवाण, कपाटं, दारं करायचे. एकदा गल्लीतल्या कोणीतरी हँडल मोडलेली बॅट आणली, ती त्यांनी बसवून दिली, आणि तिथून हे सुरू झालं. पुढे लोक तयार फर्निचर घ्यायला लागले, तेव्हा सुतारकाम सुटलं आणि बॅटी राहिल्या.

मला क्रिकेट कळत नाही. लग्नानंतर इतकी वर्षं या घरात काढूनही नाही कळलं. पण बॅट कळते. लाकूड कोरडं पडलंय की नाही, चीर वरवरची आहे की आत गेलीय, हे हात फिरवला की समजतं. कारण निम्मं काम माझंच असायचं. ते मोडलेलं हँडल कापून काढायचे, पटाशीने खाच साफ करायचे आणि त्यात वेताचं नवं हँडल बसवायचे. मग बॅट माझ्याकडे यायची. मी खाली बसून दोऱ्याचा गुंडा पायाच्या बोटांत दाबून धरायची आणि मांडीवर बॅट फिरवत हँडलवर दोरा चढवायची. दोऱ्याच्या वेढ्यांमध्ये फट राहिली की ते काही बोलायचे नाहीत, नुसती बॅट परत माझ्या मांडीवर ठेवायचे. मग जवसाचं तेल. ते आम्ही घाण्यावरून आणायचो. मुलगी शाळेत होती तेव्हा कुरकुरायची, की माझ्या ओढणीलासुद्धा बॅटीचा वास येतो.

माझ्याशी ते कमी बोलायचे. गिऱ्हाइकांशी मात्र भरपूर. दारव्हा, घाटंजी, आर्णी, कुठून कुठून माणसं यायची. बॅट दिली की काम संपलं असं नव्हतं. बाकड्यावर बसायचं, चहा घ्यायचा, आणि अख्खी मॅच सांगायची. कोणी कॅच सोडला, कोणत्या अंपायरने घात केला. मी आतल्या खोलीत भाजी निवडत ते सगळं ऐकायची. त्यांना माणसांची नावं लक्षात राहायची नाहीत, गावं राहायची. बॅटीच्या मागच्या अंगाला ते पेन्सिलने फक्त गाव लिहायचे. त्यामुळे आमच्या घरात सगळी माणसं घाटंजीवाले, नेरवाले, बोरीवाले अशीच होती.

मग त्यांना किडनीचा आजार झाला. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. तिथून आले की थोडा वेळ पडायचे आणि मग उठून पुढच्या खोलीत जाऊन बसायचे. मी म्हणायची, राहू द्या. ते म्हणायचे, बसून बसूनच करून राह्यलो ना. हात थरथरायला लागले होते. ते मला दिसत होतं आणि मी पाहते आहे हे त्यांनाही दिसत होतं.

पावसाळ्यातली गोष्ट. एका संध्याकाळी त्यांनी बोरीवाल्यांच्या बॅटीला नवं हँडल बसवलं, शिकंज्यात आवळलं आणि आत येऊन म्हणाले, "झालं. आता तिले हात लावू नको. सुकू दे." दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात भरती केलं. तिथून ते घरी आले नाहीत.

ते गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलेलं होतं. त्यानंतरच्या आठवड्यात गिऱ्हाइकं यायला लागली. एकेक जण हात जोडून उभा राहायचा, भाऊ कसे होते ते बोलायचा, आणि मग खाली पाहत म्हणायचा की ती आपली बॅट तेवढी. मी बॅटी ठेवायच्या लाकडी घोडीवरून बॅट काढून द्यायची. कोणाची चिरलेली, कोणाची हँडल निघालेली, जशी आली होती तशीच परत गेली. 'तुम्ही कराल का' असं एकानेही विचारलं नाही. त्यांना दोष कसा देऊ, मीही म्हटलं नाही की ठेवा, मी करते. बघता बघता घोडी रिकामी झाली. फक्त बोरीवाल्यांची बॅट शिकंज्यात होती. तिच्यासाठी कोणी आलं नाही.

मुलगी नाशिकला असते. ती महिनाभर राहिली, मग तिची रजा संपली. निघताना म्हणाली, चल माझ्यासोबत. मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू. तिची बस लागली, मी हात हलवला आणि घरी आले. कुलूप उघडून आत पाय टाकला तेव्हा कळलं की घर किती शांत असतं. दुपारभर लाकडी हातोडीने बॅट ठोकण्याचा आवाज व्हायचा, माझं त्याने कधीकधी डोकं दुखायचं. आता फ्रिज चालू झाला की बंद झाला तेही ऐकू यायचं. मोबाईल कंपनीचा फोन यायचा, रेकॉर्ड केलेली बाई रिचार्जबद्दल बोलायची, तर मी तोही शेवटपर्यंत ऐकायची. टीव्हीवर मॅच असली की लावून ठेवायची. त्यातलं कळत काहीच नव्हतं, पण दोन माणसं सारखी बोलत असायची. पौर्णिमेला विहारात जायची तेव्हा बायका जवळ बसवून घ्यायच्या, विचारपूस करायच्या. परत निघताना सगळ्या दोघी-तिघी मिळून निघायच्या, आणि आमच्या गल्लीकडे वळणारी मी एकटी.

थंडी पडली तसे टूर्नामेंट सुरू झाले. मोकळ्या झालेल्या वावरांत टेनिस बॉलचे सामने, भोंग्यावर कॉमेंट्री. दरवर्षी या दिवसांत आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसायची. मी एका दुपारी पुढची खोली झाडायला घेतली. भुसा काढला, हत्यारं पुसली, आणि शेवटी शिकंजा सोडून ती बॅट हातात घेतली. मनात होतं की दोरा चढवावा, ग्रिप घालावी आणि ज्याची त्याला देऊन टाकावी. दोरा चढवण्याआधी मी सवयीप्रमाणे बॅट उभी धरून एक डोळा मिटून पाहिलं.

हँडल वाकडं बसलं होतं. फार नाही, पण एका अंगाला झुकलेलं. मी बॅट फिरवून पाहिली, दारात उजेडात नेऊन पाहिली. वाकडंच. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून असं झालेलं मी पाहिलं नव्हतं. आणि हे त्यांचं शेवटचं काम होतं.

मी ती बॅट आतल्या खोलीत आणून भिंतीला टेकवून ठेवली. तिच्यासमोर बसून जेवले. सुकलेला गोंद ढिला करता येत नाही. हँडल सरळ करायचं म्हणजे ते कापायचं, खाचेतला तुकडा पटाशीने खोदून काढायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचं. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, राहू दे ना तसंच. बाबांच्या हातचं आहे." मला तिचं बोलणं पटलं. म्हटलं, तसंच ठेवू या. भिंतीवर खिळा मारून लटकवू. पण बॅट आमची नव्हती. कोणीतरी बोरीहून विश्वासाने आणून दिली होती, आणि वाकडी बॅट हातात फिरते, एवढं मला ऐकून ऐकून माहीत होतं.

काही दिवस मी तिच्याकडे पाहायचंच टाळलं. मग अडगळीत पडलेली एक फुटकी बॅट काढली आणि तिच्यावर हात बसवायला लागले. खाच मी कधी केली नव्हती, फक्त शेजारी बसून पाहिली होती. पहिल्यांदा पटाशी लाकडात नको तितकी शिरली. दुसऱ्यांदा हँडल इतकं सैल बसलं की हातात निघून आलं. आई म्हणून, बायको म्हणून मी पुष्कळ कामं शिकले, पण चूक झाल्यावर मान वर करून विचारावं असं माणूस तेव्हा समोर असायचं. आता मान वर केली की भिंत होती. तरी रोज दुपारी बसायला लागले. दिवस कसा जाईल हा प्रश्न निदान दुपारपुरता मिटला.

शेवटी ज्या दिवशी बोरीवाल्यांच्या बॅटीवर करवत ठेवली त्या दिवशी मी दार लोटून घेतलं. कापताना पुन्हा पुन्हा थांबावं लागलं, डोळ्यांना दिसतच नव्हतं. हँडल निघालं. खाचेतला गोंद एकसारखा नव्हता, एका बाजूला खूप, दुसरीकडे जवळजवळ नाहीच. थरथरत्या हाताने त्यांनी ते कसं केलं असेल ते मला दिसत राहिलं. मी खाच साफ केली, नवं हँडल घासून घासून बेताचं केलं, बसवलं, आवळलं. सुकल्यावर डोळा लावून पाहिलं. सरळ होतं. सांगायला घरात कोणी नव्हतं. मी मोठ्याने म्हटलं, "सरळ हाये," आणि आपलाच आवाज ऐकून दचकले.

दोरा, तेल, ग्रिप सगळं झाल्यावर बॅट कापडात गुंडाळली आणि दारव्ह्याच्या एसटीत बसले. अर्धं तिकीट, खिडकीची जागा. बाजूच्या बाईने विचारलं, नातवासाठी का? मी हो म्हटलं, सगळं सांगत कुठे बसायचं. बोरी अरबला उतरून स्टँडजवळच्या चहावाल्याला विचारलं की इथलं कोण यवतमाळला बॅटी दुरुस्तीला न्यायचं. त्याने लगेच एका गाडी दुरुस्तीच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

दुकानदार चाळिशीतला मुसलमान मेकॅनिक होता, हात ऑइलने काळे. मी कोण ते सांगितल्यावर त्याने हात पुसले आणि स्टूल पुढे केलं. भाऊ गेल्याचं त्याला कळलं होतं. म्हणाला, यवतमाळला दोनदा येऊन गेलो, गल्लीच्या तोंडापर्यंत आलो, पण घरात असं झालेलं असताना बॅट मागायची जिभेवर येईना. मी कापड सोडलं. त्याने बॅट घेतली, दुकानाच्या मधोमध उभा राहिला, गुडघा थोडा वाकवला आणि हवेत हलकेच फिरवली.

"भाऊनं एकदम सीधं बसवलं," तो म्हणाला. "एवढे बीमार असून बी हात चुकला नाही."

एसटीत मी ठरवलं होतं की काही सांगायचं नाही. मान हलवायची आणि निघायचं. पण ते शब्द ऐकले आणि गप्प बसवेना.

"त्यांचं वाकडं बसलं होतं," मी म्हटलं. "ते काढलं. हे मी बसवलं."

त्याने बॅट उभी धरून एक डोळा मिटून वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"म्हणजे दुकान चालू हाये, भाभी?"

"चालू आहे," मी म्हटलं. ते मी तोवर स्वतःशीही म्हटलं नव्हतं.

त्याची बायको मागच्या घरातून चहा घेऊन आली आणि माझ्याजवळ बसली. तो सांगत होता की आता टीमच उरली नाही. निम्मी पोरं पुण्याला कंपन्यांत गेली, ज्या वावरात खेळायचे तिथे प्लॉट पडले, त्याचा स्वतःचा गुडघा गेला. "बॅट हाये, पण खेळू कोणासंगं?" तो हसून म्हणाला आणि बॅट कपाटावर आडवी ठेवून दिली. मला कसंतरी झालं. परतीच्या एसटीत तर जास्तच. ज्या माणसाने आयुष्यभर सरळ काम केलं त्याची एक चूक मी परक्या दुकानात सांगून आले, हे यवतमाळ येईपर्यंत टोचत राहिलं.

त्या मेकॅनिकने त्यांच्या टूर्नामेंटच्या ग्रुपवर सांगितलं असावं. हळूहळू बॅटी यायला लागल्या. पहिल्याइतक्या नाहीत, पण येतात. लोक माझं काम घेतात आणि चांगलं आहे असंही म्हणतात. बसत मात्र नाहीत. एकट्या बाईच्या घरात कोण बसणार? दारातूनच बॅट देतात, दारातूनच नेतात, गाडीही बंद करत नाहीत. मी आत या, चहा घ्या म्हणते, तर गडबडीत आहो म्हणतात. कोणी कॅच सोडला, कोण आऊट नसताना आऊट दिला गेला, हे मला आता कळत नाही. बॅटीवर मार कुठे बसलाय ते पाहून मी आपलं ताडत बसते.

मागच्या पावसाळ्यात मुलीकडे नाशिकला राहून आले. सकाळी सगळी आपापल्या कामाला जायची आणि मी सातव्या मजल्यावरून खालच्या गाड्या पाहत बसायची. मुलीने काही कमी केलं नाही. मीच लवकर निघाले. ती रागावली, अजून थोडी रागावलेलीच आहे.

एक बरं झालं. मेकॅनिकच्या बायकोला शुगर निघाली, ती महिन्याला यवतमाळच्या दवाखान्यात तपासणीला येते. पहिल्यांदा आली तेव्हा नवऱ्याने पत्ता दिला म्हणून सहज डोकावली आणि जेवून गेली. पुढच्या वेळी हरभऱ्याची वाळवलेली भाजी घेऊन आली. मी दोरा चढवते, ती पलीकडे पाय पसरून बसते, जावेचं, पाण्याचं, दुखण्याचं सांगते. तिलाही क्रिकेट कळत नाही. चारच्या गाडीला मी तिला स्टँडवर सोडून येते. गेल्या महिन्यात ती आली नाही, दिराच्या घरी लग्न होतं. मी त्या दिवशी भाजी जास्तीची करून बसले होते, ती दोन वेळा खाल्ली.

येत्या बुधवारी येते असं तिने फोनवर सांगितलंय. आर्णीहून आलेल्या दोन बॅटींचं काम मी त्याआधी उरकून घेणार आहे.