आवाज बंद करून पाहिलेला खून

हे आत्ताच सांगायला पाहिजे. संध्याकाळी निवांत लिहीन म्हटलं तर तोपर्यंत मी फुटेन. हॉलमध्ये माणसं अजून बसलीयेत, आई चहाच्या कपांसाठी हाका मारतेय, आणि मी आतल्या खोलीत दार लोटून मोबाईलवर टाईप करतेय. चुका होतील. होऊ देत.

तर चाचा. आधी चाचा कोण ते सांगते.

आम्ही कुवेतमध्ये फहाहीलला राहतो. दर शुक्रवारी दुपारी बाबांची कोकणातली मंडळी आमच्याकडे जेवायला असतात. सगळे इथे एकटे राहणारे, बायकापोरं तिकडे गावाला. कोणी एसीचं काम करतं, कोणी वायरमन, एक वेल्डर. त्यांच्यात सगळ्यात जुने चाचा. रत्नागिरीच्या खाडीकडचे, इथल्या राई नावाच्या भागात गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात असतात. जुम्म्याची नमाज झाली की थेट आमच्याकडे. बाबा त्यांना भाई म्हणतात, बाकी सगळे चाचा.

जेवणं झाली, हात धुतले की कोणीतरी म्हणतंच, "चाचा, पिक्चर."

आणि मग टीव्ही लावायचा नसतो! चाचा पिक्चर सांगतात. तोंडाने. बाबा आणि चाचा पहिल्यांदा एका खोलीत राहायचे तेव्हा तिथे टीव्ही नव्हता. ज्याला कुठे पिक्चर बघायला मिळाला त्याने येऊन बाकीच्यांना सांगायचा, असा त्यांचा नियमच होता. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, तरी आमच्या हॉलमध्ये शुक्रवारी चाचाच चालतात. मी लहानपणापासून ऐकत आलेय.

त्यातला सगळ्यात भारी म्हणजे शास्त्रज्ञांचा. काळापांढरा, इंग्रजी, बोलपट नुकते सुरू झाले होते तेव्हाचा. डोंगरावर एक प्रयोगशाळा. आत काचेच्या बरणीत माणसाचं हृदय ठेवलंय आणि ते धडधडतंय. तिथले शास्त्रज्ञ एकेक करून मरतायत, दारं आतून बंद. एक म्हातारा प्रोफेसर, कायम हातमोजे घातलेला. एक देखणा तरुण डॉक्टर, प्रोफेसरच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलंय. शेवटी जिन्यावर प्रोफेसर आणि तरुण डॉक्टरची झटापट होते, डॉक्टर कठड्यावरून खाली अंधारात पडतो, पोलीस येतात, आणि प्रोफेसर रडत रडत दोन्ही हात पुढे करतो.

इथे चाचा उभे राहायचे. हात पुढे करून, आवाज एकदम खोल नेऊन म्हणायचे, "हो! मीच मारलं सगळ्यांना! विज्ञानासाठी मारलं!"

हे वाक्य सगळा हॉल त्यांच्याबरोबर म्हणायचा. लहान असताना मी आईच्या ओढणीत तोंड घालायचे.

चाचांनी हा पिक्चर एकदाच पाहिलाय. तेव्हा ते इथेच सबाह अल-सालेम भागात एका कुवेती घरी ड्रायव्हर होते. त्या घरचे मोठे आजोबा दुपारी टीव्हीसमोरच झोपले, आणि त्यांची झोप मोडू नये म्हणून चाचांनी आवाज पूर्ण बंद करून मागे उभ्या उभ्या शेवटपर्यंत बघितला. ते हे लपवत नाहीत. उलट छाती काढून सांगतात, "आवाज बंद होता, डोळे उघडे होते."

आता माझा उद्योग ऐका.

परवा मला तो पिक्चर सापडला. जुने पिक्चर फुकट बघायला मिळतात अशा एका साइटवर. बरणी, हृदय, हातमोजे, सगळं तेच! मी अक्षरशः ओरडले. आणि पूर्ण बघायच्या आधीच, हे महत्त्वाचं आहे, बघायच्या आधीच मी बाबांच्या ग्रुपवर टाकून मोकळी झाले: शुक्रवारी चाचांचा पिक्चर मोठ्या टीव्हीवर, सगळ्यांनी यायचं. धडाधड अंगठे आले. चाचांचा व्हॉइस मेसेज आला, "बेटा, आता आवाजासकट बघणार मी. प्रोफेसर त्या टायमाला नक्की काय बोलतो ते ऐकायचंय मला."

मग काल, मी काम करते त्या क्लिनिकमध्ये, जेवणाच्या सुट्टीत मी इयरफोन लावून बघायला बसले. त्या जुन्या बोलपटांमध्ये मागे संगीत वगैरे नसतंच. नुसती खरखर, पावलं, दार, परत खरखर. कोणी बोललं की दचकायला होतं. आणि शेवट आला, आणि माझा डबा तसाच राहिला.

खुनी प्रोफेसर नाहीये.

खुनी तो देखणा डॉक्टर आहे. जिन्यावर झटापट चालू असताना तोच ओरडून सगळं कबूल करतो. आणि प्रोफेसर पोलिसांना म्हणतो, "संशोधन माझं, खून माझे नाहीत. ज्यानं केले तो खाली पडलाय. मुलगा मानलं होतं त्याला." हात पुढे करतो ते बेड्यांसाठी नाही. मुलीला जवळ घ्यायला. ती कडेला उभी असते, अर्धी अंधारात.

म्हणजे आवाज बंद केला तर चाचांचं बरोबर. आवाज सुरू केला की सगळं उलटं.

तेव्हापासून मला बसवेना की उभं राहवेना. चाचांकडे दुसरं आहे काय? दुकानात नवीन पोरं येतात, त्यांना कॉम्प्युटरवर पार्टनंबर सापडतो, चाचांना कोणी विचारत नाही. एक शुक्रवार आहे, एक हॉल आहे, तिथे त्यांनी तोंड उघडलं की सगळे गप्प बसतात. आणि मी तेच घालवायला निघाले होते, तेही आमंत्रण देऊन.

आज सकाळी आईला सांगितलं. ती वाटण काढत होती.

"मग लावू नको."

"सगळे येतायत गं!"

"मग इंटरनेट गेलंय म्हण."

म्हणून मी खरंच राउटरची वायर काढून ठेवली. जेवणं झाल्यावर चेहरा पाडून म्हटलं, "नेट नाहीये." तर वायरमन काका उठले, राउटरच्या मागे हात घातला, आणि म्हणाले, "गो बाय, वायर काढलेली हाय!" आणि लावली. वायरमनसमोर वायर काढायची अक्कल माझी.

पिक्चर सुरू झाला. चाचा सोफ्यावर नाही, टीव्हीसमोर सतरंजीवर, एक हात कानामागे. खरखर ऐकून वेल्डर मामा म्हणाले, "काय ता, भजी तळतत काय?" ते मालवणकडचे. बाकीचे हसले, चाचा नाही हसले. बरणी आली तेव्हा फक्त मागे वळून म्हणाले, "बघ. सांगितलं होतं ना?" सगळ्यांनी मान डोलावली. प्रत्येक गोष्ट जशी सांगितली तशीच निघत होती. हातमोजे. बंद दारं. चाचा लहान मुलासारखे खूश.

मला एवढीच आशा होती की कोणाला कळणारच नाही. ते जुनं घोगरं इंग्रजी, त्यात खरखर. मला स्वतःला दोनदा मागे जाऊन ऐकावं लागलं होतं. जिना आला. डॉक्टर ओरडला, पडला. हॉलमध्ये कोणालाच काही कळलं नाही. प्रोफेसरने हात पुढे केले आणि सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, "हो! मीच मारलं..."

"गप्प!" चाचा ओरडले. "आज मला त्याचं ऐकू दे."

प्रोफेसर बोलला. पडदा काळा झाला.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. "बेटा, काय म्हणाला तो?"

मी रात्रभर खोटं तयार करून ठेवलं होतं. मीच मारलं, विज्ञानासाठी मारलं, एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांचा हात अजून कानामागेच होता. मला नाही जमलं. मी भरभर सांगून टाकलं, जमिनीकडे बघत.

मग वेल्डर मामांनी मांडीवर थाप मारली. "चाचानू, केस हरलात मा! तुमचो प्रोफेसर सुटलो!"

"एवढी वर्षं नुसत्या थापा!" वायरमन काका हसत म्हणाले. "आणि आम्ही इकडे सुरात सूर लावतोय."

"गप रे," बाबा म्हणाले, पण तेही हसत होते.

चाचा म्हणाले, "मागे घे." मी घेतलं. परत बघितलं. "अजून एकदा." परत. तिसऱ्यांदा मी एकेक वाक्य थांबवून मराठीत सांगितलं. चाचा त्या मुलीकडे बघत होते, कडेला अर्ध्या अंधारात उभी होती तिच्याकडे. मग उठून गॅलरीत गेले.

मी मागे गेले. मला रडू येत होतं. म्हटलं, "चाचा, सॉरी. मी उगाच आणला हा पिक्चर."

त्यांनी ऐकलंच नाही बहुतेक. कठड्याला धरून उभे होते. म्हणाले, "म्हणजे त्याने काहीच केलं नव्हतं?"

"नाही."

"पोरीला जवळ घ्यायला हात पुढे केले त्याने, आणि मी बेड्या घातल्या." मग माझ्याकडे वळून, "किती लोकांना सांगितलं मी हे. अर्धे गावाला निघून गेले. दोघं तर वारले, बेटा. ते त्याला खुनी समजूनच गेले."

पिक्चरमधला माणूस आहे हो चाचा, असं म्हणणार होते, पण चेहरा बघून नाही म्हटलं.

आणि त्यांनी खिशातून फोन काढला. खरंच. गुहागरला, बाबांबरोबर खोलीत राहायचे त्या काकांना लावला. "अरे, तो प्रोफेसर! त्याने खून नाही केले रे... नाही नाही, कंपनीतला नाही... पिक्चरमधला! हातमोजेवाला!" पलीकडून ओरडून विचारलेलं मला इथपर्यंत ऐकू आलं, "कोण गेलं? कोण गेलं?"

ते ऐकून हॉलमधले सगळे गॅलरीच्या दारात. आता हसत नव्हते. वायरमन काका म्हणाले, "चाचा, सोडा ना. पुढच्या शुक्रवारी बरोबरवाला सांगा. डॉक्टर खुनी. आम्ही ऐकू."

चाचा म्हणाले, "आता तुम्ही बघितलात. बघितलेला पिक्चर कोण कोणाला सांगतं?"

आणि दुसरा नंबर लावला.

ते अजून गॅलरीतच आहेत. हे लिहितानाही मला त्यांचा आवाज येतोय, आता दापोलीला कोणाला तरी सांगतायत. आई म्हणते तू खरं तेच सांगितलंस. बाबा म्हणतात दुसरा पिक्चर सांगेल तो, काय मोठंसं. मला तसं वाटत नाहीये. मी काही चांगलं केलं की सगळ्यांचा शुक्रवार मोडला, कळतच नाहीये, आणि पुढच्या शुक्रवारी हात धुवून झाल्यावर "चाचा, पिक्चर" असं म्हणायची कोणाची हिंमत होईल का, तेही माहीत नाही.

तुमच्याकडे झालंय का असं कधी? कोणाच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलेला पिक्चर एकदा खरंच बघितलात, आणि निघालं भलतंच? मग तुम्ही त्यांना सांगितलंत का? की गप्प बसलात?